नाताळच्या झाडावरचा लाकडी गोळा आतून पोकळ का असतो?

उत्तनच्या ख्रिस्ती वस्त्यांत नाताळला झाडं सजतात. त्यावर 6 सेंमी व्यासाचा भरीव सागवानी गोळा टांगला, तर वजन साधारण 70 ग्रॅम. फांदी वाकणारच! आतलं लाकूड काढून 3 मिमीची भिंत ठेवली, तर 20 ग्रॅमच्या आसपास उरतं.

कातारी लेथवर आधी बाहेरचा आकार देतो. मग छोटं भोक पाडून वाकड्या टोकाचं हत्यार आत घालतो. खरी परीक्षा इथे, कारण आतलं काहीच दिसत नाही. भिंतीची जाडी आवाजावरून आणि कॅलिपरने जोखावी लागते. जरा जास्त खरवडलं की गोळा फुटतो, तुकडे उडतात. म्हणून फेस शील्ड हवीच. खालचं निमुळतं टोक वेगळं कातून चिकटवतात. सावंतवाडीची लाकडी फळंही प्रसिद्ध आहेत.