एका क्रीडाशिक्षकाची कारकीर्द



नागपूरचा इतिहास म्हटला की भोसल्यांचा वाडा आणि १८१७ ची सीताबर्डीची लढाई आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. मी ज्या गृहस्थांविषयी बोलणार आहे ते ना सरदार, ना पुढारी. ते आपल्याच शहरातील हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक, श्री. विजय बारसे. मी कॉलेजची पायरी चढलेला मनुष्य नव्हे. जे वाचले ते इतवारीत हमालांची संघटना बांधता बांधता, वखारीच्या दिव्याखाली. तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

१८८३ साली निघालेले हे कॉलेज ज्यांच्या नावाने चालते ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले, शाळा काढली आणि १८६३ साली टाकळघाटाजवळ पाण्यात बुडून वारले. तेथील क्रीडाशिक्षकाचे काम इतर कोठल्याही कॉलेजातल्यासारखेच. मैदान आखावे, मुले निवडावी, सामन्यांस संघ न्यावा. आणि वर्षअखेर कपाटात चषक किती, यावरून त्याची किंमत ठरावी. हे माप किती फसवे आहे पाहा. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे फळांच्या टोपल्या टांगून ज्याने बास्केटबॉल जन्मास घातला, तो नेस्मिथ पुढे कॅन्सास विद्यापीठात संघ शिकवू लागला, तेव्हा त्याच्या खाती ५५ विजय आणि ६० पराजय जमा झाले! खेळाचा जनक, आणि हिशेबात तोटा.

बारसे सरांचा हिशेब २००१ साली बदलला. पाऊस पडत होता, आणि झोपडपट्टीतील काही पोरे चेंडू नाही म्हणून एक फुटकी बादली लाथाडीत खेळत होती. सरांनी त्यांस फुटबॉल आणून दिला. त्यांच्या ध्यानात असे आले की, जितका वेळ ही पोरे चेंडूमागे धावतात तितका वेळ ती व्यसनापासून आणि मारामारीपासून दूर राहतात. बादली आपणही पाहिली असती, आणि छत्री सावरून पुढे गेलो असतो. मी स्वतः लहानपणी पायांत जोडे नाहीत म्हणून एका मैदानावरून हाकलला गेलो होतो. तरीही मला काही सुचले नसते, हे कबूल करतो.

थोड्याच काळात त्यांनी झोपडपट्टीतील मुलांची स्पर्धा भरविली. १२८ संघ आले! एवढे खेळाडू या शहरात होते आणि एकाही कॉलेजच्या यादीत नव्हते, कारण कॉलेजपर्यंत पोहोचण्याआधीच ती पोरे कामाला लागलेली. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ हे नाव मला प्रथम खटकले. माणसाच्या दारिद्र्याची पाटी त्याच्या गळ्यात का अडकवावी? पुढे मत बदलले. हमालानेही ‘हमाल’ म्हणवूनच आपला हक्क मागितला आहे.

तिकडे २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ शहरी बेघरांची विश्वचषक स्पर्धा सुरू झाली होती. तिचा खेळ आटोपशीर: एका बाजूस चार गडी, त्यांतला एक गोलरक्षक, सात सात मिनिटांचे दोन डाव, मैदान अवघे २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. एका खेळाडूस जन्मात एकदाच खेळता येते, म्हणजे पुढल्या वर्षी दुसऱ्याची पाळी. हा नियम मला फार आवडतो. आमच्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनाही तो लागू करावा! नागपूरच्या वस्त्यांतील पोरे या स्पर्धेपर्यंत पोहोचली.

आता पैशाची गोष्ट, जी खेळाच्या गोष्टीत कोणी सांगत नाही. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून सरांनी नागपूरबाहेर या मुलांसाठी जागा घेतली. ही रक्कम म्हणजे काय, ते कामगाराला विचारा. याच शहरात एम्प्रेस मिलने १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, तेव्हा देशात ती नवलाची गोष्ट होती. म्हातारपणाच्या भाकरीसाठी त्यानंतर किती संप झाले! ती भाकर एका शिक्षकाने आपण होऊन परक्यांच्या पोरांपुढे ठेवली. मी त्यांचे कौतुक करतो, पण मनात एक सलही आहे. मैदान देणे हे नगराचे काम. ते एका माणसाच्या पुंजीतून व्हावे, यात त्याचा मोठेपणा आहे तशी आपली लाजही आहे.

अमेरिकेत असलेले त्यांचे चिरंजीव अभिजित परत येऊन या कामात शिरले. ‘स्लम सॉकर’ या नावाने ते वाढले, आणि २०१६ साली फिफाने संस्थेस विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. ४ मार्च २०२२ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ पडद्यावर आला. त्यात विजय बोराडे नावाचे शिक्षक अमिताभ बच्चन झाले होते.

आमच्या अड्ड्यावरचे दहाबाराजण मिळून तो पाहावयास गेलो होतो. पोरांनी शिट्ट्या मारल्या. परतताना एक म्हातारे हमालकाका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मला एवढेच विचारले, “भाऊ, पैसा तर सारा पोरांवर घातला, मग त्या मास्तरांच्या घरचं कसं चाललं असंल?”