अपशकुनी ठरविलेला भिक्खू : फाहियान यांचा परतीचा सागरप्रवास

चिनी भिक्खू फाहियान यांचे नाव आपल्याला बहुधा गुप्तकालीन भारताचे साक्षीदार म्हणून परिचित असते. त्यांच्या परतीच्या सागरप्रवासाकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः त्यांच्या प्रवासवृत्ताचा तो अत्यंत बोधप्रद भाग होय.

चीनमधील विनयग्रंथ अपूर्ण होते. ते पूर्ण करण्यासाठी इ.स. ३९९ मध्ये फाहियान यांनी चांगआन सोडले. त्या वेळी त्यांचे वय साठीच्या घरात होते, असे सामान्यतः मानले जाते. सोबत्यांपैकी काही परतले, एकाने हिमाच्छादित पर्वतात प्राण सोडला, तर एक पाटलीपुत्रातच राहिला. एकाकी उरलेले फाहियान ताम्रलिप्तीहून व्यापारी जहाजाने १४ दिवसांत सिंहलद्वीपास पोहोचले. तेथे अभयगिरी विहारात बुद्धमूर्तीसमोर कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला चिनी रेशमाचा पांढरा पंखा त्यांच्या दृष्टीस पडला आणि त्यांच्या डोळ्यांत अश्रू उभे राहिले. दोन वर्षांच्या वास्तव्यात त्यांनी महीशासक विनय मिळविला आणि स्वदेशाची वाट धरली.

दोनशेहून अधिक प्रवासी असलेल्या त्या जहाजामागे संकटसमयासाठी एक लहान नौका बांधलेली होती. वादळात जहाजात पाणी शिरताच व्यापारी नौकेकडे धावले. नौकेत आधीच असलेल्यांनी गर्दीच्या भयाने दोर कापून टाकला. जहाज हलके करण्यासाठी माल समुद्रात फेकला जाऊ लागला. फाहियान यांनीही आपली पाण्याची भांडी फेकली. ग्रंथ व मूर्ती मात्र सोडल्या नाहीत. त्यांनी अवलोकितेश्वराचे स्मरण केले. औरंगाबादच्या ७ व्या क्रमांकाच्या लेण्यातील अष्टमहाभयाच्या शिल्पात संकटात सापडलेले जहाजही आहे, हे येथे आठवते. तेरा दिवसांनी एका बेटाशी लागून ओहोटीत भोक बुजविण्यात आले. पुढे सुमारे नव्वद दिवसांनी जहाज 'ये-पो-ति' येथे पोहोचले. हे स्थान म्हणजे जावा किंवा सुमात्रा असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेथे ब्राह्मणधर्माचे प्राबल्य होते; बौद्ध धर्म नाममात्रच होता.

पाच महिन्यांनी ते दुसऱ्या जहाजावर चढले. त्या वर्षीचा वर्षावास त्यांनी जहाजावरच केला. महिनाभराने पुन्हा वादळ झाले. तेव्हा जहाजावरील ब्राह्मणांनी विचारविनिमय करून असा निष्कर्ष काढला की, हे अरिष्ट या श्रमणामुळेच ओढवले आहे. एका माणसापायी सर्वांनी का मरावे? त्याला एखाद्या बेटाच्या किनाऱ्यावर उतरवून द्यावे, असे त्यांनी सुचविले.

वादळाचे कारण वाऱ्यात न शोधता माणसात शोधण्याची ही प्रवृत्ती आपल्या समाजास अपरिचित नाही. परंतु या वेळी फाहियान यांचा दानपती पुढे झाला. भिक्खूला उतरवाल तर मलाही उतरवा, नाहीतर ठार करा. चीनचा राजा बुद्धानुयायी आहे, मी त्याला सर्व सांगेन, असे त्याने बजावले. व्यापारी कचरले. त्यांना करुणेने नव्हे, राजदंडाच्या भीतीने थांबविले, हे इतिहासकाराने लपवू नये. पण ती भीती बोलून दाखविण्यासाठीही कोणीतरी स्वतःचे प्राण पणाला लावावे लागले.

सत्तरहून अधिक दिवस उलटले. गोडे पाणी मापाने वाटले जात होते. अखेर इ.स. ४१२ मध्ये जहाज शांतुंगच्या किनाऱ्यास लागले. तेथील ओळखीच्या भाज्या पाहून हा आपलाच देश असल्याची खात्री पटली. पाटलीपुत्रात उतरवून घेतलेल्या महासांघिक विनयाचे भाषांतर फाहियान यांनी बुद्धभद्र यांच्यासह केले. महीशासक विनयाचे भाषांतर मात्र बुद्धजीव यांनी फाहियान यांच्या निधनानंतर पूर्ण केले. तो विनय संपूर्ण स्वरूपात आज केवळ चिनी भाषेतच उपलब्ध आहे.

पहिल्या जहाजावर भयाने दोर कापला गेला. दुसऱ्यावर एका उपासकाने तो कापू दिला नाही. विनयाचा तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला, यात वृद्ध भिक्खूच्या निर्धाराइतकाच या उपासकाचाही वाटा आहे. त्याचे नाव प्रवासवृत्तात नाही. धम्माच्या इतिहासात अशा अनाम उपासकांचे ऋण मोठे आहे.