काळा अक्रोड

काश्मीरहून आपल्या बाजारांत येणारा अक्रोड आणि अमेरिकेंतील काळा अक्रोड हे एकाच कुळांतले खरे. पण काश्मिरी अक्रोडाचें पातळ कवच कित्येकदां हाताच्या दाबानेंही फुटतें, तर काळ्याला हातोडाच लागतो. ओहायओ, इंडियाना, मिसूरी या भागांत नदीकांठच्या खोल, कसदार मातींत हें झाड वाढतें. तें दिसेल तेथील जमीन उत्तम, असें वसाहतकरी मानीत. आणि नांगर घालण्यासाठीं तेंच तोडून टाकीत. आज ज्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढून कपाटांवर डकवितात, त्या लांकडाचीं तेव्हां कुंपणें घातलीं गेलीं!

यादवी युद्धांत (१८६१-६५) दक्षिणेच्या सैनिकांचे घरगुती विणीचे कपडे या झाडाच्या आणि त्याच्याच जातभाईच्या, बटरनटच्या, सालींनीं तपकिरी रंगविले जात. उत्तरेच्या स्प्रिंगफील्ड बंदुकांचे दस्ते काळ्या अक्रोडाचेच. एका झाडानें दोन्ही पक्षांची चाकरी केली.

बंदुकीला हेंच लांकूड कां? एकदां नीट वाळलें कीं तें सहसा वांकत वा फुगत नाहीं, बार उडतांना बसणारा धक्का सोसतें, आणि बळाच्या मानानें हलकें असतें. म्हणूनच १९१८ सालीं अमेरिकन सरकारला दस्त्यांसाठीं व विमानांच्या पंख्यांसाठीं तें हवें झालें. पण रानें तर केव्हांच विरळ झालीं होतीं. तेव्हां बालवीरांस कामास लाविलें. त्यांनीं शेतोशेतीं हिंडून २ कोटी ७ लक्ष बोर्डफुटांहून अधिक लांकडाचीं उभीं झाडें हुडकलीं. रेल्वेचे ५,२०० डबे भरतील एवढीं! झाड चांगलें भरण्यास साठ-सत्तर वर्षें लागतात. पोरांना झाडें ओळखण्यास शिकवावें तें कुऱ्हाडीसाठीं, हें युद्धालाच शोभतें. त्याच वर्षीं घरोघरचीं कवचेंही गोळा झालीं. त्यांच्या कोळशानें विषारी वायूपासून बचाव करणारे मुखवटे भरले गेले.

मिसूरींतील स्टॉक्टन येथें १९४६ पासून ह्या फळांचा मोठा व्यापार चालतो. गर मिठाईंत व आइस्क्रीममध्यें जातो, आणि कवचाच्या भुकटीनें धातू घासतात.

२०१० सालीं टेनेसींतील नॉक्सव्हिल येथें एका सूक्ष्म भुंगेऱ्यानें आणलेला बुरशीचा रोग आढळला. लांकडाच्या वाहतुकीवर निर्बंध आले. पूर्वेकडे मात्र भय होतें तितका संहार झाला नाहीं. रोगट झाडांपैकीं कांहींना पुन्हां पालवी फुटली.