परिचर्या शिक्षणातील उपस्थितीचे नियम (भारत)

परिचर्या शिक्षणातील उपस्थितीचे नियम म्हणजे परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने वर्गात, प्रयोगशाळेत आणि रुग्णालयाच्या वॉर्डात किती काळ हजर राहिले पाहिजे, हे ठरवणारे नियम होत. भारतात ते भारतीय परिचर्या परिषद ठरवते. ही परिषद १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली वैधानिक संस्था आहे. महाराष्ट्रात परीक्षा घेणे व पदवी देणे हे काम नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, तर नोंदणीचे काम महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आहे. पुढील विवेचन मुख्यतः चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमाविषयी आहे.

पार्श्वभूमी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली. तेथे प्रत्येक शिकाऊ परिचारिकेच्या वर्तनाची व कौशल्याची दरमहा नोंद ठेवली जाई आणि तिच्यात वक्तशीरपणालाही स्थान होते. पुस्तकी ज्ञानाबरोबर वॉर्डातील प्रत्यक्ष वावराचीही मोजदाद करण्याची ही पद्धत पुढे जगभरच्या परिचर्या शिक्षणात रूढ झाली.

ऐंशी टक्के आणि शंभर टक्के

सत्र परीक्षेस बसण्यासाठी प्रत्येक विषयात तासिका आणि प्रात्यक्षिक या दोहोंत किमान ८० टक्के उपस्थिती लागते. अनुपस्थितीचे कारण काय, हा प्रश्न येथे गौण आहे. आजारपण असो की घरचे कार्य, न भरलेला तास न भरलेलाच धरला जातो. वैद्यकीय दाखला जोडला की हजेरी आपोआप मिळते, असा समज नवीन विद्यार्थ्यांत आढळतो. तो चुकीचा आहे.

याहून महत्त्वाची, परंतु प्रवेशाच्या वेळी फारशी लक्षात न घेतली जाणारी अट पुढची आहे. पदवी मिळण्यापूर्वी प्रत्येक प्रात्यक्षिक क्षेत्रातील उपस्थिती १०० टक्के पूर्ण व्हावी लागते. ऐंशी टक्क्यांवर परीक्षेचे दार उघडते, पण उरलेले वीस टक्के माफ होत नाहीत.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या सुधारित अभ्यासक्रमानुसार सत्र २० आठवड्यांचे असते आणि रुग्णालयीन कामाचा एक श्रेयांक ८० तासांचा धरला जातो. पहिल्या सत्रातील ‘नर्सिंग फाउंडेशन’ या विषयास रुग्णालयीन कामाचे दोन श्रेयांक, म्हणजे १६० तास आहेत. एखाद्या विद्यार्थिनीने त्यांपैकी १२८ तास भरले तर ती परीक्षेस पात्र ठरते आणि उत्तीर्णही होऊ शकते. राहिलेले ३२ तास मात्र तिच्या नावावर तसेच राहतात. सहा तासांची एक ड्यूटी धरली तरी तिला पाच-सहा दिवस जास्तीचे वॉर्डात उभे राहावे लागेल. दर सत्रात अशी थोडी थोडी भर पडत गेली, तर शेवटी हा साठा मोठा होतो. बुडालेल्या ड्यूट्या सुटीच्या काळात भरून काढण्याचा सल्ला अध्यापक देतात तो यासाठीच. तास अपुरे असतील तर सर्व परीक्षा उत्तीर्ण होऊनही पदवी रखडते. पदवीवाचून नोंदणी नाही आणि नोंदणीवाचून परिचारिका म्हणून नोकरी नाही. कर्ज काढून शिकणाऱ्या कुटुंबाला हा विलंब चांगलाच जाणवतो.

रुग्णालयीन तासांबाबत एवढी कडक भूमिका का, याचे कारण कामाच्या स्वरूपात आहे. बुडालेला तास मैत्रिणीची वही पाहून भरून काढता येतो. शिरेतून औषध देणे, नवजात बालकाला हाताळणे किंवा अत्यवस्थ रुग्णाच्या नोंदी ठेवणे वहीतून शिकता येत नाही. शिवाय ही क्षेत्रे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. बालरोग विभागात जास्त दिवस काढले म्हणून मनोरुग्ण विभागातील तूट भरत नाही. म्हणूनच नियमात एकूण तासांऐवजी ‘प्रत्येक क्षेत्र’ असा उल्लेख आहे.

अभ्यासाच्या अपेक्षा

उत्तीर्ण होण्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण लागतात. इंग्रजीसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे. अंतर्गत मूल्यमापनात हजेरीलाही थोडे गुण आहेत: ९५ टक्के व त्याहून अधिक उपस्थितीस दोन गुण, तर ८० ते ८४ टक्क्यांस अर्धा गुण. अभ्यासक्रम पूर्ण करण्याची कमाल मुदत आठ वर्षांची आहे.

आठव्या सत्रात आंतरवासिता असते. ती २२ आठवड्यांची असून आठवड्यास ४८ तास, म्हणजे एकूण १,०५६ तास काम करावे लागते. त्यांत प्रौढ रुग्णांच्या परिचर्येस सहा आठवडे, तर सामुदायिक आरोग्य, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि प्रसूतिविद्या यांस प्रत्येकी चार आठवडे दिले आहेत.

वैद्यकीय शिक्षणाशी तुलना

एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात परीक्षेस बसण्यासाठी व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिक व रुग्णालयीन कामास ८० टक्के उपस्थिती लागते. त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता सक्तीची असते. दोन्ही शाखांत प्रात्यक्षिकाची किमान अट सारखीच दिसते. मात्र पदवीपूर्वी प्रत्येक क्षेत्रातील तास शंभर टक्के भरण्याची तरतूद हे परिचर्या शिक्षणाचे वैशिष्ट्य होय.