तळाच्या स्वराची स्पष्टता : रॉकमधील बेस गिटारच्या नादाचा एक इतिहास

आपल्याकडील संगीतविषयक ग्रंथांत नादाचे तीन विशेष सांगितले जातात : लहानमोठेपणा, उंचनीचपणा आणि जाती. पहिल्या दोहोंचे मोजमाप करता येते; तिसऱ्याविषयी मात्र आपण विशेषणांच्या आधाराने बोलत असतो. रॉक संगीतावरील लेखनात हा असमतोल बेस गिटारच्या बाबतीत विशेष ठळकपणे दिसतो. गायकाच्या शब्दांवर आणि गिटारच्या एकलवादनावर पानेच्या पाने लिहिली गेली. बेस मात्र 'छातीत जाणवतो' एवढे म्हणून विषय संपवला जातो. म्हणजे त्याचा लहानमोठेपणा सांगून झाला, जाती सांगायची राहून गेली. हा सर्वांत खालचा स्वर प्रत्यक्ष कार्यक्रमात नुसता जाणवू नये, तो स्वर म्हणून ऐकू यावा, असा आग्रह काही वादकांनी आणि कारागिरांनी धरला. बेसच्या महागड्या वाद्यांचा इतिहास हा मुख्यतः या आग्रहाचा इतिहास आहे.

आरंभी प्रश्न केवळ ऐकू येण्याचा होता. अमेरिकेतील नृत्यवृंदांत खालचे स्वर डबल बेस हे माणसाच्या उंचीहून मोठे वाद्य सांभाळत असे. ड्रम आणि विजेवरची गिटार यांच्या गोंगाटात त्याचा आवाज हरवे. शिवाय ते गावोगाव वाहून नेणे हे एक संकटच होते. विजेवरच्या बेसचा प्रयत्न सिअॅटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच केला होता, पण तो रुजला नाही. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर हे मूळचे रेडिओदुरुस्ती करणारे. त्यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. भरीव लाकडाचा देह, चौतीस इंचांची तार, आणि स्वरस्थाने अचूक सापडावीत म्हणून बसवलेले पडदे. 'प्रिसिजन' हे नाव या अचूकतेवरूनच आलेले. वाद्य साधे होते, सुटे भाग जोडून कारखान्यात तयार होणारे होते. पुढील दहा वर्षांत त्याने बेसवादकाला नृत्यवृंदाच्या मागच्या कोपऱ्यातून गिटारवादकाच्या शेजारी आणून उभे केले.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रॉकचे कार्यक्रम मोठ्या सभागृहांत होऊ लागले आणि नवी अडचण पुढे आली. आवाज वाढवता येत होता. मात्र तो वाढवला की खालचे स्वर एकमेकांत मिसळून त्यांचा चिखल होत असे. याची कारणे भौतिक आहेत. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो आणि त्याच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते. पडदे, खुर्च्या आणि श्रोत्यांचे कपडे उंच स्वर शोषून घेतात. एवढ्या लांब लहरींना मात्र ते फारसे अडवू शकत नाहीत. त्यामुळे खालचा स्वर भिंतीभिंतींवर आदळत रेंगाळतो. सॅन फ्रान्सिस्कोतील विंटरलँड हे प्रसिद्ध सभागृह तर मुळात बर्फावर घसरत खेळण्यासाठी बांधलेले. तिथे स्वच्छ बेस ऐकू येणे हे एक आव्हानच होते.

दुसरे कारण आपल्या कानात आहे. इतक्या खालच्या मूळ स्वराला आपला कान मंद असतो. तो स्वर आपण ओळखतो ते बऱ्याच अंशी त्याच्या उपस्वरांवरून. तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार ऐकू येतो, हा अनुभव आपल्याला परिचित आहे. मिरजेचा कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून जवारी लावतो, तेव्हा तो तारेतील या उपस्वरांनाच वाट करून देत असतो. त्या काळच्या बेस गिटारमध्ये नेमके हेच उपस्वर वाटेत गळून पडत. तारेची कंपने टिपणाऱ्या पिकअपमध्ये तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असत; त्यातून निघणारा क्षीण संकेत लांबलचक केबलमधून अॅम्प्लिफायरपर्यंत पोचेतो त्यातील वरचा, तेजाचा भाग नाहीसा होई. उरे ती घुमणारी धडधड.

या प्रश्नाला हात घातला तो 'अलेंबिक' या मंडळींनी. अलेंबिक म्हणजे किमयागारांचे ऊर्ध्वपातनाचे पात्र. बडोद्याच्या जुन्या औषधकंपनीमुळे हे नाव आपल्या ओळखीचे आहे. या दोन संस्थांचा परस्परांशी संबंध मात्र नाही. 'ग्रेटफुल डेड' या सॅन फ्रान्सिस्कोच्या वृंदाभोवती १९६९ मध्ये ही मंडळी जमली : इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार रॉन विकरशॅम, त्यांच्या पत्नी सूझन, ध्वनिमुद्रक बॉब मॅथ्यूज आणि वाद्यकारागीर रिक टर्नर. त्यांनी पिकअपचे वेढे कमी केले, त्यामुळे टिपलेला नाद अधिक प्रामाणिक झाला. क्षीण झालेला संकेत सशक्त करणारे छोटे मंडल वाद्याच्या पोटातच बसवले. वेगवेगळ्या लाकडांच्या पट्ट्या चिकटवून केलेली मान वाद्याच्या देहातून आरपार नेली, त्यामुळे तार अधिक काळ कंप पावू लागली. त्यांच्या स्वतःच्या घडणीचा पहिला बेस १९७२ मध्ये 'जेफरसन एअरप्लेन'च्या जॅक कसाडी यांच्यासाठी तयार झाला. फेंडरच्या वाद्यामागे कारखान्याची दृष्टी होती. इथे एका वादकासाठी एक वाद्य घडवणारी कारागिरी पुन्हा अवतरली. किंमत अर्थातच त्या प्रमाणात वाढली.

हा खटाटोप कशासाठी होता, हे 'ग्रेटफुल डेड'चे फिल लेश यांच्या वादनातून उमगते. लेश यांनी व्हायोलिन आणि ट्रम्पेट यांचे शिक्षण घेतले होते. मिल्स कॉलेजात लुचानो बेरिओ यांच्यापाशी त्यांनी रचनाशास्त्राचा अभ्यास केला होता. १९६५ मध्ये ते या वृंदात आले, तेव्हा त्यांनी बेस कधी हाती धरलेला नव्हता. त्यामुळे ठेक्याला चिकटून मूळ स्वर देत राहण्याची बेसवादकाची सवय त्यांना लागलीच नाही. गायन आणि गिटार यांच्या समांतर चालणारी, कधी त्यांना छेद देणारी स्वतंत्र स्वरपंक्ती ते वाजवत. अशी पंक्ती चिखलात बुडाली, तर वादकाचे सगळे म्हणणेच बुडते. स्पष्ट नाद ही त्यांच्या दृष्टीने चैन नव्हती. ती त्यांच्या विचाराची पूर्वअट होती.

२३ मार्च १९७४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये या वृंदाने 'वॉल ऑफ साउंड' ही ध्वनियोजना उभी केली. सुमारे ६०० स्पीकर, २६,००० वॅटांहून अधिक शक्ती, ७५ टनांच्या आसपास वजन. प्रत्येक वाद्याला आपापले स्पीकर असल्याने एकाचा नाद दुसऱ्याला गढूळ करीत नसे. लेश यांच्या बेसची तर चारही तारांची वाट वेगळी करता येई. प्रत्येक तार स्वतःच्या स्पीकरस्तंभातून बोले. ही भिंत वादकांच्या पाठीमागे असल्याने श्रोते आणि वादक एकच नाद ऐकत. पण हा डोलारा गावोगाव नेण्याचा आणि उभारण्याचा खर्च झेपेना. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वृंदाने कार्यक्रम थांबवले आणि भिंत कायमची उतरली. स्पीकर एकावर एक रचून नाद दूरवर स्वच्छ पोचवण्याची कल्पना मात्र आजच्या मोठ्या कार्यक्रमांत नित्याची झाली आहे.

येथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. उत्तम नाद हा महाग वाद्याचाच गुण मानावा काय? डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतील जेम्स जेमरसन साध्या प्रिसिजन बेसवर, वर्षानुवर्षे न बदललेल्या तारांवर, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवत. त्यांचा नाद बोथट होता, तरी त्यातील प्रत्येक स्वर अर्थपूर्ण आहे. असंख्य लोकप्रिय गीतांचा पाया घालणाऱ्या या वादकाचे नाव मोटाउनच्या मोठ्या अल्बमवर झळकायला १९७१ उजाडले. 'द हू'चे जॉन एंटविसल यांनी पुढे अनेक वर्षे अलेंबिक वापरला. पण १४ फेब्रुवारी १९७० रोजी मुद्रित झालेल्या 'लाइव्ह अॅट लीड्स'मधला त्यांचा नाद निघाला आहे तो मोडक्या बेस गिटारींचे भाग जुळवून केलेल्या वाद्यातून. त्या वाद्याला ते 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणत.

या आक्षेपाने महाग वाद्याचे महत्त्व कमी होत नाही. मात्र कौतुकाची जागा बदलते. जेमरसन बंद स्टुडिओत वाजवत होते. भिंतींशी झगडा त्यांच्या वाट्याला आला नाही. एंटविसल यांनी झगडा केला तो तारांच्या द्वारा. गुळगुळीत पट्टीने वेढलेल्या तारांऐवजी गोल तारेने वेढलेल्या, पियानोसारख्या झणझणणाऱ्या तारा १९६६ मध्ये रोटोसाउंडने त्यांच्या साहाय्याने विकसित केल्या. अलेंबिकने उपस्वर वाचवले ते वाद्याच्या पोटात, एंटविसल यांनी तारेत. मागणी दोघांची एकच होती : खालच्या स्वराचे म्हणणे शेवटच्या रांगेपर्यंत शब्दशः पोचावे.

साहित्याच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काही सापडावे. कवितेतील लयीला किंवा कादंबरीतील निवेदकाच्या सुराला आपण 'पार्श्वभूमी' म्हणून बाजूला ठेवतो आणि आशयाची चर्चा करतो. पार्श्वभूमी म्हटले की तपशीलात ऐकण्याची जबाबदारी संपते. लेश २०२४ मध्ये आणि एंटविसल २००२ मध्ये निवर्तले. मुद्रणे उपलब्ध आहेत. लीड्सचे मुद्रण एकदा गायन आणि गिटार यांच्याकडे दुर्लक्ष करून, केवळ बेसच्या मागोमाग जाऊन ऐकावे. गिटारवादक थांबतो तिथे कोणता स्वर जागा भरून काढतो, आणि तो स्वर ओळखू येतो तो कोणत्या तेजामुळे, हे ज्याला सांगता येईल त्याला 'छातीत जाणवले' एवढ्यावर थांबावे लागणार नाही.