सोलर परवडतं कुणाला?

मागच्या बैठकीत एका ताईंनी छतावर सोलर बसवायला गटाकडे कर्ज मागितलं. परवडेल का, हा प्रश्न आम्ही जरा मागे जाऊन पाहिला.

1954 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनची पहिली उपयोगी सौरपट्टी झाली. पडलेल्या उन्हातलं जेमतेम सहा टक्के विजेत यायचं. इतकी महाग, की 1958 साली ती चढली थेट उपग्रहावर. तिथे तार ओढता येत नाही, म्हणून परवडली! पुढे पट्टी स्वस्त होत गेली. 2015 साली आपल्या राज्यात नेट मीटरिंगचे नियम आले. दिवसा उरलेली वीज लाईनला द्यायची, रात्री वापरलेल्यातून ती वजा. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी एका किलोवॅटला 30,000, तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आलं.

पण ते जमा होतं पॅनल बसल्यावर. आधीचा पैसा आपणच उभा करायचा. एक किलोवॅट महिन्याला साधारण शंभर युनिट देतो. ताईंचा वापर साठ युनिट, तोही सगळ्यात कमी दराचा. शिवाय बॅटरी नसेल तर लाईट गेली की सोलरही बंद, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांचा अर्ज आम्ही थांबवला. दुसऱ्या ताईंचा मंजूर केला. फ्रीज, मोटार, कूलर, महिन्याला अडीचशे युनिट. पहिल्या ताई रुसल्यात. उन्हाळ्याची बिलं घेऊन या, असं त्यांना सांगितलंय.