पडताळा

गणित शिकविताना मी मुलांना नेमाने सांगतो : उत्तर लवकर आले म्हणून हुरळू नका, पडताळा पाहा. हा धडा मला एका संगणकानेही दिला आहे.

१९९८ साली इंटेल कंपनीचा ‘सेलेरॉन ३०० ए’ हा स्वस्त प्रोसेसर निघाला. त्याला नेमून दिलेला वेग सेकंदाला तीस कोटी ठोक्यांचा. हौशी मंडळींनी मदरबोर्डावरचा मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झवरून १०० वर नेला, आणि साडेचारच्या ठरीव पटीने तोच प्रोसेसर पंचेचाळीस कोटींवर धावू लागला! दीडपट वेग, तोही फुकट. ‘ओव्हरक्लॉकिंग’चे वेड तेव्हा फार फैलावले.

पुढे आमच्या मंचरच्या एका मित्राने आपल्या जुन्या यंत्रावर हा खेळ केला. ठोके एक-तृतीयांशाने वाढविले. मी घड्याळ लावून शेजारी बसलो. नऊ मिनिटांचे गणित सात मिनिटांत सुटले. आम्ही भेळ मागविली. गंमत म्हणून तेच गणित पुन्हा घातले, तो उत्तर निराळे!

कारण साधे आहे. ठोके वाढले की उष्णता वाढते. त्यासाठी विद्युद्दाब चढवावा, तर ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यंत्र बंद पडले नाही, कुरकुरले नाही, मुकाट्याने चुकले. आणि दुसऱ्या दिवशी त्यावरच माझ्या वर्गातील मुलांच्या गुणांची बेरीज व्हायची होती!

मर्सेनच्या मूळ संख्या शोधण्याचा एक जागतिक उपक्रम १९९६ पासून चालू आहे. त्याचा प्रोग्राम यंत्राची परीक्षा घेताना, उत्तरे आधीच ठाऊक असलेली गणिते तासन्‌तास सोडवून घेतो. वेग मोजण्याआधी खरेपणा मोजायचा, तो असा.

जुन्नर तालुक्यातील खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली रेडिओ दुर्बीण पाहा. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या; त्यांच्या जोड्या ४३५. पूर्वी ती एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा टिपे. सुधारणेनंतर ४०० पर्यंत टिपते. तेवढी आकडेमोड एकाच यंत्राला दामटून होत नाही, अनेकांत वाटावी लागते. तरीही तेथील निरीक्षक, तेज आधीच ठाऊक असलेल्या रेडिओ स्रोताकडे दुर्बीण वळवून तिचा कस लावतातच.

मित्राने ठोके पूर्ववत केले. गणित दोनदा घातले. दोन्ही वेळा नऊ मिनिटे, आणि उत्तर एकच. मग मी गुणांचे कागद त्याच्या हाती दिले.